सहा रुमाल

मंगळवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास, उचगावच्या घरी, चहा ठेवायला उठलेल्या असताना तुम्ही गेलात, चाची. मला फोन सात चाळीसला आला. तुमच्या मुलाचा, इरफानचा. दफन त्याच दिवशी, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर झालं.

निधनाची बातमी बुधवारच्या अंकात पाचव्या पानावर आहे. ती मीच लावली. नाव, वय, गाव, मलकापूरच्या कन्याशाळेतली शिवणशिक्षिकेची नोकरी, मागे मुलगा, सून, दोन नातवंडं. पाच ओळी. तपासून घेतल्या, एकही चूक नाही. त्यात सकाळची सव्वासातची मलकापूर गाडी नाही. कबरस्तानात जे लोक आले होते, त्यांतले निम्मे त्या गाडीचे होते. एकमेकांची आडनावं त्यांना माहीत नव्हती, चढायचे थांबे माहीत होते. ‘हे वाघबीळचे’, ‘हे केर्लीचे’, अशी ओळख करून देत होते.

तुम्हाला विचारायचा एक प्रश्न माझ्याकडे सहा वर्षं होता. तो मी विचारला नाही. या आठवड्यात त्याचं उत्तर दुसऱ्यांकडून मिळालं आणि त्यामुळे माझी एक जुनी बातमी चुकीची ठरली. ही दुरुस्ती छापायला आता पेपरात जागा नाही, म्हणून ती इथे, तुम्हाला उद्देशून.

मी कोल्हापुरात आलो तेव्हा मला इथे कुणी ओळखत नव्हतं. जालन्याहून बदली झाली होती, शाहूवाडी तालुक्याचा वार्ताहर म्हणून. खोली पंचगंगेच्या पुलाजवळ मिळाली, काम मलकापुरात. सव्वासातची गाडी स्टँडवरून सुटायची आणि पुलावर येईपर्यंत भरलेली असायची. मी दोन आठवडे उभ्याने गेलो. वहीत पहिल्या आठवड्याची नोंद आहे: ‘गाडीत उभे चौदा, आणि तीन जागा रिकाम्या. प्रत्येकीवर पांढरा रुमाल.’

त्या जागांवर कुणी बसत नव्हतं. उभं असलेलं कुणी तक्रारही करत नव्हतं. मला हे समजेना. मग केर्लीला एक बाई चढायच्या, निळ्या किनारीची साडी, हातात डबा, आणि गर्दीतून सरळ एका रुमालापाशी जाऊन तो उचलून बसायच्या. त्या शोभा सिस्टर, बांबवड्याच्या दवाखान्यातल्या. वाघबीळला सुतार सर चढायचे. तेही तसंच. रुमालाची घडी घालून ते खिशात ठेवायचे आणि मलकापूरला उतरताना तुमच्या हातात द्यायचे. कुणी आभार मानत नव्हतं. मी तिथून आलो होतो जिथे खिडकीतून रुमाल टाकणारा स्वतःसाठी टाकतो. इथे तुम्ही उचगावातून वडापच्या जीपने स्टँडवर यायचात, गाडी लागली की सगळ्यांत आधी चढायचात, आणि पुढच्या थांब्यांवर चढणाऱ्यांच्या जागा धरायचात. रोज. कुणी तुम्हाला हे काम दिलं नव्हतं. मी विचारून पाहिलं.

रुमालांबद्दलही विचारलं होतं. सगळे पांढरे, मांजरपाटाचे, आणि प्रत्येकाची शिवण वाकडी. तुम्ही म्हणालात, ‘आटवीच्या पोरींचा पयला धडा त्यो. काठ दुमडून शिवायचा. सरळ आला की पोरगी घरी न्हेती, वाकडा आला की टाकून देती. मग मी आनतो.’ इथल्या बायका स्वतःबद्दलही ‘आणतो’, ‘बसतो’ असंच बोलतात.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी मी पुलावर चढलो आणि पुढून, ड्रायव्हरच्या केबिनमधून आवाज आला. तुम्ही इंजिनाच्या बॉनेटवर बसला होतात, खाली वाकळेचा, म्हणजे जुन्या गोधडीचा, चौकोनी तुकडा चौघडी करून घेतलेला.

‘ओ पावणं! हुबं का ऱ्हायलाय?’

मी मागे पाहिलं. मला वाटलं दुसऱ्या कुणाला.

‘तुमालाच म्हंत्यात,’ कंडक्टर नाना म्हणाले. ‘डावीकडं, चवथी रांग. खिडकी.’

तिथे रुमाल होता. मी म्हणालो, ‘हा कुणाचा आहे?’

‘तुमी बसा की. जागंला काय नाव असतंय व्हय?’

मी बसलो. पुढची दोन वर्षं चार महिने मी त्या जागेवर बसलो. माझा प्रश्न हाच होता: माझ्या आधी तो रुमाल कुणाचा होता? त्या दिवशी गाडीतला कुणीतरी कमी झाला असणार, बदली झाली असेल, निवृत्त झाला असेल, वारला असेल. कुणाच्या जागेवर मी आलो, हे जाणून घ्यायला मला आवडलं असतं. पण रोज एकत्र प्रवास करणाऱ्यांत काही प्रश्न पहिल्या महिन्यात विचारले नाहीत तर नंतर विचारता येत नाहीत.

बॉनेटबद्दल मात्र मी विचारलं. एकदाच.

‘तिथे का बसता?’

‘गुडघ्याला ऊब लागत्या. बरं वाटतंय.’

मी ते मान्य केलं. एकच सूत्र, आणि तेही संबंधित व्यक्ती स्वतःच. बातमीसाठी मी असं कधी केलं नसतं.

रुमालांचे नियम तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलेत. राखीव जागेवर रुमाल टाकायचा नाही. ज्याचा थांबा गेला आणि तो चढला नाही, त्याचा रुमाल उचलायचा. आणि म्हातारं माणूस, पोटुशी बाई, कडेवर पोर असलेली बाई उभी दिसली तर थांब्याची वाटही बघायची नाही. ‘ज्याच्या हाताशी रुमाल असंल, त्यानं उचलायचा. मला हाक मारत बसायचं न्हाय.’ हे शेवटचं वाक्य माझ्या वहीत आहे. जसंच्या तसं.

तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. इथे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी कळलं. दीड वर्षानंतरही तुम्ही तेच म्हणत होतात, आणि तोवर मी तुमच्या घरी दोनदा ईदला जेवलो होतो. मी एकदा गाडीतच म्हणालो, ‘चाची, अजून किती दिवस पाहुणा? घरचा कधी होणार?’

‘कशाला घाई करताय?’ तुम्ही म्हणालात. ‘पावण्याला बसाय मिळतंय. घरच्याला हुबं ऱ्हावं लागतंय.’

सुतार सर एवढे हसले की त्यांचा चष्मा पडला. मीही हसलो.

त्याच वर्षी पुराचं पाणी केर्लीजवळ रस्त्यावर आलं. सगळे लवकर निघालो होतो; परतीची गाडी दुपारी अडीचला वाघबीळला थांबली आणि पुढे जायला नको म्हणून तिथेच उभी राहिली. पुढेमागे शंभरेक वाहनं. लोक उतरून इकडेतिकडे पांगले. वाघबीळ हा सुतार सरांचाच थांबा, पण तेही घरी न जाता आमच्यात थांबले. कुणी टपरीवर, कुणी पाणी बघायला पुढे. तुम्ही पदर खोचून गाडीच्या पायरीवर उभ्या राहिलात आणि दर तासाला मोजायला सुरुवात केलीत.

‘सिस्टर. सुतार सर. बांबवड्याचं दोघं. पोस्टातल्या ताई कुठायत? व्हय, बसल्यात. मी. आणि ह्ये पावणं. सात. सात हायत आपली.’

शोभा सिस्टर म्हणाल्या, ‘चाची, आमी काय शाळेच्या सहलीला आलोय व्हय?’

‘सहलीतली पोरं तरी सांगून जात्यात. तुमी भज्यांच्या वासानं पळताय.’

संध्याकाळी सहाच्या आत पाणी ओसरलं. तोवर तुम्ही चार वेळा मोजलंत. दर वेळी सात. चौथ्या वेळी मी टपरीमागे होतो. तुम्ही नानांना गाडी सोडू दिली नाहीत, असं मला नंतर कळलं. नाना म्हणत होते की पेपरवाला आहे, येईल कुठूनही. तुम्ही म्हणालात, ‘सातवं माणूस आल्याबिगर गाडी हलायची न्हाय.’ मला त्या दिवशी फक्त एवढंच जाणवलं की आपल्याला कुणी मोजतंय. परगावी ही गोष्ट लहान नसते. मी ती घरी आईला फोनवर सांगितली.

आता वाद. तो तीन वर्षं चालला आणि संपला नाही. माझं म्हणणं होतं की एसटी सगळ्यांची आहे. जो आधी येईल तो बसेल. ज्याला तुमच्यासारखी चाची नाही, त्याने का उभं राहायचं? तुम्ही चिडत नव्हतात. सुईत दोरा ओवताना बघतात तसं बारीक डोळे करून माझ्याकडे बघायचात.

‘तुमची आई तुमी यायच्या आदी ताट वाढून, झाकून ठिवत हुती का न्हाय?’

‘ठेवत होती.’

‘मग वाटंवरचं भिकारी उपाशी ऱ्हायलं म्हणून तिच्यावर केस करायची व्हय?’

‘घर खासगी असतं, चाची. गाडी सार्वजनिक.’

‘व्हय? मग तुमचं घर कुठं हाय हितं?’

मी वहीत डोकं घातलं. पण म्हणून माझा मुद्दा चुकीचा ठरत नाही, असं मला वाटायचं. अजूनही पूर्ण चुकीचा वाटत नाही. तुम्ही असतात तर आपण आज पुन्हा भांडलो असतो.

बातमीची गोष्ट मी इथे क्रमाने सांगतो, कारण ती मी कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

पुलावर माझ्याबरोबर एक म्हातारे चढले. धोतर, कोपरी, हातात कापडी पिशवी. गाडी तुडुंब होती. मी चौथ्या रांगेत खिडकीशी बसलो. माझ्या शेजारच्या जागेवर सुतार सरांचा रुमाल होता. म्हातारे तिथपर्यंत आले आणि मला विचारलं, ‘हितं कोन हाय का?’

‘आहेत,’ मी म्हणालो.

ते उभे राहिले. वाघबीळला सुतार सर चढले नाहीत. त्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती आणि सांगायचं विसरले होते. शोभा सिस्टर मागे होत्या, मधल्या गर्दीमुळे त्यांना दिसलं नसावं. तुम्ही केबिनमध्ये होतात, पाठ आमच्याकडे. रुमाल माझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होता. तो उचलायचा नियम मला माहीत होता. मी वही काढली आणि वेळ लिहिली. म्हातारे बांबवड्याला उतरेपर्यंत उभे होते. मी गाडीतले रुमाल मोजले. स्टँडवरून किती टाकले जातात ते आठवून ताडून पाहिलं. सहा.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. एक कॉलम. मथळा होता: ‘सहा जागांवर रुमालांचा ताबा, वृद्ध प्रवासी उभेच’. तीत एक वाक्य होतं: ‘जागा रिकामी असूनही सहप्रवाशाने ती धरलेली असल्याचे सांगितले.’ तो सहप्रवासी कोण, हे बातमीत नव्हतं. तो मी होतो.

सकाळी पुलावर गाडी आली तेव्हा पेपर तुमच्या हातात होता. तुम्ही बॉनेटवरून उठून केबिनच्या दारात उभ्या राहिलात आणि मोठ्याने, शाळेतल्यासारखी, पूर्ण बातमी वाचलीत. नाना तिकिटं फाडायचे थांबले.

वाचून झाल्यावर तुम्ही पेपरची घडी घातली. ‘बातमी बरुबर हाय,’ म्हणालात. ‘रुमाल सहाच हुतं. बरुबर मोजल्यात.’

एवढंच. मी ती शाबासकी समजलो नाही, पण आकडा मान्य झाला असं समजलो. माझ्या धंद्यात आकडा मान्य झाला की बातमी टिकते.

त्याच आठवड्यात गाडीत सूचना लागली: जागा धरू नयेत. नानांना विचारणा झाली आणि ते महिनाभर दुसऱ्या मार्गावर होते. रुमाल बंद झाले. शोभा सिस्टर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बांबवड्याच्या दोघांपैकी एकाने मला ऐकू जाईल असं शेजाऱ्याला म्हटलं, ‘जपून बोल बाबा, उद्या छापून येतंय.’ सुतार सर तेवढे रोज नमस्कार करायचे. त्यांना वाटत होतं की चूक त्यांच्या रजेची आहे.

एक बदल माझ्या लक्षात आला. तुम्ही बॉनेट सोडलंत. स्टँडवर सगळ्यांत आधी चढून आता तुम्ही डाव्या बाजूच्या चौथ्या रांगेत खिडकीशी बसायचात. म्हणजे माझ्या जागेवर. मला वाटलं, ही शिक्षा. चौथ्या दिवशी मी धीर करून विचारलं, ‘गुडघा कसा आहे?’

‘बरा झाला. पेपर वाचून.’

गाडी हसली. मी उभा होतो.

त्यानंतरचा भाग मला अजूनही नीट समजलेला नाही. रुमाल बंद झाले तशी तुम्ही तोंडाने जागा मागायला सुरुवात केलीत. स्टँडवर चढणाऱ्या अनोळखी माणसांना सांगायचात, ‘केर्लीला एक सिस्टर चढत्यात, दीस-दीसभर उभ्या असत्यात दवाखान्यात, त्यास्नी बसू द्या जरा.’ लोक उठायचे. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा. मी उभ्या-उभ्या बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, मी म्हणत होतो तेच; विचारलं की मिळतं, रुमाल कशाला? हे मी तुम्हाला बोलूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, ‘रोज मागताना माझं त्वांड दुखतंय, ते तुमच्या पेपरात येत न्हाय.’

बातमीनंतर तीन आठवड्यांनी पुलावर चढलो तर दुसऱ्या रांगेतला एक शेतकरी उठून उभा राहिला.

‘बसा, पावणं.’

‘नको, मी उभा राहतो. मला सवय आहे.’

‘बसा ओ. चाचीनं सांगिटलंय. पुलावर एक पेपरवालं चढत्यात, पायाला लई तरास हाय त्यांच्या.’

माझ्या पायाला काही त्रास नव्हता. मी चौथ्या रांगेकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी बसलो. बसायला नको होतं हे मला तेव्हाही कळत होतं. मलकापूरला उतरल्यावर आभार मानायचे ठरवलं होतं. उतरलो, तुम्ही म्हणालात, ‘जरा लंगडत तरी चला, लोकं बगत्यात,’ आणि शाळेच्या रस्त्याला लागलात. आभार राहिले.

पुढे माझी बदली कोल्हापूरच्या डेस्कवर झाली. गाडी सुटली. तुम्ही निवृत्त झालात. फोन व्हायचे, ईदला येणं व्हायचं. दीड महिन्यापूर्वी तुमचा शेवटचा फोन आला. ‘पावणं, एक सुट्टी काढा. सव्वासातची धरायची, मलकापूरला जायाचं, भजी खायाची, माघारी यायचं. काम न्हाय, काय न्हाय.’ मी म्हणालो, जरा कामाचा भार कमी होऊ दे. तो कमी होत नसतो, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

मंगळवारी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर नाना भेटले. आता निवृत्त आहेत. आम्ही चहा घेतला. मी त्यांना म्हणालो, त्या बातमीने तुम्हाला त्रास झाला. ते म्हणाले, झालं ते झालं. मग मी तो जुना प्रश्न विचारला, कारण आता तो तुम्हाला विचारता येणार नव्हता. मी आलो तेव्हा चौथ्या रांगेतला रुमाल कुणाचा होता?

‘कुणाचा म्हंजी?’ नाना म्हणाले. ‘चाचीची जागा ती.’

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, थोडं जोरात, बहिऱ्याला सांगतात तसं. त्यांचं आणि तुमचं बोलणं सहा जागांचं होतं. तुमची धरून सहा. एक जास्त झाली तर बाकीचे प्रवासी बोलतील, म्हणून नाना अडून होते. मी दोन आठवडे गाडीत उभा दिसलो तेव्हा तुम्ही सातवी मागितलीत. नानांनी नाही म्हटलं.

‘मग म्हणाल्या, बरं. बोलणं मोडायचं न्हाय. माझ्या जागंवर त्याचा रुमाल टाकतो आणि मी म्होरं बसतो. मी म्हणलं, चाची, बॉनेटवर? म्हणाल्या, त्येला काय हुतंय.’

एका सूत्रावर विश्वास ठेवायचा नाही हे मी तुमच्या बाबतीत उशिरा पाळलं. बुधवारी शोभा सिस्टरना फोन केला. बऱ्याच वर्षांनी आम्ही बोललो. मी विचारलं.

‘तुमास्नी म्हाईत न्हवतं?’

‘नाही.’

‘आमाला वाटलं, म्हाईत असून लिवलंय.’

त्या रडत होत्या की रागावल्या होत्या, फोनवर कळलं नाही. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की बातमीनंतर सगळ्यांनी मला जाब विचारायचं ठरवलं होतं. तुम्ही नको म्हणालात. कारण सांगितलं नाहीत. फक्त म्हणालात, ‘त्येला एकट्याला परगावात उभं करू नका.’

माझ्या आधी त्या जागेवरून कुणी गेलं नव्हतं. कुणी बदलून गेलं नव्हतं, निवृत्त झालं नव्हतं, वारलं नव्हतं. तुम्ही पहिल्या दोन आठवड्यांत कुठे बसायचात, ते मी आठवून पाहिलं. आठवत नाही. वहीत रिकाम्या जागांची नोंद आहे, उभ्या माणसांची आहे, बसलेल्यांची नाही. चौथ्या रांगेत खिडकीशी तुम्ही होतात तोवर चढणारं प्रत्येक माणूस तुमच्या नजरेत होतं. त्या म्हाताऱ्यांसाठी तुम्ही पुलावरच रुमाल उचलला असता. ते उभे राहिले त्या दिवशी तुमची जागा माझ्याकडे होती आणि रुमाल माझ्या हाताशी.

म्हणून दुरुस्ती अशी. बातमीतला आकडा अपुरा होता. रुमाल सहा होते. माणसं सात होती. मी रुमाल मोजले. माणसं तुम्ही मोजलीत, वाघबीळला, माझ्यासमोर, मोठ्याने, चार वेळा.

गुरुवारी इरफानकडे गेलो. त्याला गुडघ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, अम्मीचा गुडघा दुखतो असं घरात कधी ऐकलं नाही. शेवटपर्यंत मशीनपाशी खाली मांडी घालून हातशिलाई करायच्या. सुनेने पुढे जोडलं, ‘गरमी मातर त्यांना अजिबात सोसायची न्हाय. मार्चपासनं फरशीवर झोपायच्या.’ वाकळेचा तो तुकडा अजून घरात आहे. धुऊन, घडी करून कपाटात ठेवलेला. मी मागितला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

शुक्रवारी सुट्टी काढली आणि सव्वासातची गाडी धरली. पुलावरून नाही, स्टँडवरून. त्याच जुन्या बनावटीची गाडी होती, इंजिन पुढे, ड्रायव्हरशेजारी बॉनेट. गाडीत रुमाल नव्हते. चौथ्या रांगेत डावीकडे एक मुलगी कानात वायर घालून बसली होती. मी ड्रायव्हरला विचारून केबिनमध्ये गेलो. तो म्हणाला, ‘मागं जागा हाय की, पावणं.’ मी म्हणालो, इथेच बसतो. वाकळ चौघडी करून खाली घेतली.

केर्लीला शोभा सिस्टर चढल्या. मला बघून दारातच थांबल्या. मागचे लोक ‘चला की ओ बाई’ म्हणाले तेव्हा आत गेल्या. बसल्या नाहीत. जागा होती तरी केबिनच्या दांडीला धरून बांबवड्यापर्यंत उभ्या राहिल्या. वाघबीळनंतर म्हणाल्या, ‘वाकळ काढून बगा.’

मी काढून बाजूला ठेवली आणि बॉनेटच्या पत्र्यावर उघडा तळहात टेकवला. मी हात काढेपर्यंत त्या मोजत होत्या.

वाघबीळच्या पुढे नऊपर्यंत हात ठेवता आला. बोरपाडळ्याला पाचपर्यंत. बांबवड्याला सिस्टर उतरल्या, तेव्हा दोनपर्यंत. मलकापूरला ठेवता आला नाही.